तिकीट खिडकीतली खानावळ

३ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी केळीची पानं पुसता पुसता नेलीने जाहीर केलं की ती खानावळ काढणार. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. एकतीस वर्षांच्या संसारात तिने मला विचारून केलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातल्या दोन 'कॉफीत साखर घालू का' या आहेत.

"कुठे काढणार?" मी म्हटलं.

"तुमच्या तिकीट खिडकीत."

मी चाट पडलो. बसथांब्यासमोरच्या त्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं पेकनबारू शहराच्या गाड्यांची तिकिटं फाडली. लोक आता फोनवरच तिकीट काढतात म्हणून दोन वर्षांपूर्वी कंपनीने ते बंद केलं, आणि मला निरोप म्हणून एक भिंतीवरचं घड्याळ आणि उरलेल्या दैनंदिन्यांचा गठ्ठा दिला. ही त्यातलीच एक. वार छापलेले आहेत ते जुन्या सालाचे, खोडून लिहितो.

जागा हाजी बहार यांची. ते मे अखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. त्यानंतर मोबाईलवाल्याला देणार, तो रोज फोन करतो म्हणे. जागेचं दोन वर्षांचं भाडं, चूल, टेबलं, काचेचं कपाट मिळून पाच कोटी रुपिया लागतील. एक बरी जुनी मोटार येईल एवढे. आमच्याकडे मोटारीचा आरसा येईल एवढे आहेत.

"बँक देईल," नेली म्हणाली. "छोट्या धंद्याचं ते 'कूर' कर्ज काढणार आहे मी. सरकार हमी राहतं. व्याज कमी, तारण नको."

मी हसलो नाही. तिच्यावर हसलेली माणसं मी पाहिली आहेत.

५ फेब्रुवारी, सोमवार

गाव कार्यालयातून धंद्याचा दाखला आणला. म्हणजे तिने आणला, मी सोबत होतो. कूरला धंदा निदान सहा महिने चालू असावा लागतो. नेलीने गेल्या जुलैपासून आमच्या ओसरीवर भाताचे पुडे विकायला सुरुवात केली आहे. शाळेतले मास्तर, ट्रकवाले, रस्त्याच्या कामावरचे मजूर, सगळे तिच्याकडे येतात. अकरा वाजता पुडे संपतात आणि बाराला आलेले लोक माझ्याकडे अशा नजरेने बघतात जणू ते मी खाल्ले.

कारकून नेलीला म्हणाला (ताईला आमच्याकडे 'उनी' म्हणतात), "उनी, घर आणि शेत आहे की तुमचं. तारण ठेवून मोठं कर्ज घ्या ना."

"ते माझं नाही, माझ्या आईच्या आईचं आहे," ती म्हणाली. "आणि माझ्या नातीच्या नातीचं. मी मधे फक्त झाडू मारते."

आमच्याकडे घर-शेत आईकडून लेकीकडे जातं, कारकुनालाही ते ठाऊक होतं. शिक्का जरा जोरातच मारला त्याने.

६ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही माझी आहे, इथे तरी खरं लिहावं.

माझ्या नावावर एक मोटारसायकल आहे. अडीच वर्षांपूर्वी बहिणीच्या मुलाला, देफ्रीला, हप्त्यांवर घेऊन दिली. तो बातामला नोकरीला जाणार होता, गाडी असेल तर काम मिळतं म्हणाला. मी त्याचा मामा. मूल मांडीवर घ्यावं आणि भाच्याला हाताला धरून चालवावं, हे आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. आमची लेक विरा नवऱ्यासोबत पेकनबारूला सुखात आहे, तिला माझ्याकडून काही नको. देफ्रीला हवं होतं. सही केली.

वर्षभर त्याने हप्ते भरले. मग तो थांबला. नऊ हप्ते राहिले. पत्रं आली, मी ती बसच्या जुन्या वेळापत्रकांत घालून ठेवली. बहिणीकडे जाऊन मागावं, तर मामाने हात पुढे करायचा तो द्यायला. घ्यायला करणारा मामा मी तरी आमच्या गावात पाहिलेला नाही.

नेलीला हे ठाऊक नाही.

पण मी विचार केला आहे. घर तिचं, शेत तिचं, चूल तिची, धंदा तिचा. बायकोच्या घरातला नवरा म्हणजे तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावरची राख, फुंकर आली की गेली. बँकेचे लोकही इथलेच आहेत. राखेचं नाव कोण विचारणार? तेव्हा झाकली मूठ तशीच राहू दे.

१२ फेब्रुवारी, सोमवार

विचारलं.

बँकेतला अधिकारी फाज्री नावाचा तरुण आहे, सदऱ्याला कडक इस्त्री आणि बोलणं तेवढंच मऊ. त्याने नेलीचे कागद एकेक करून लावले आणि कुटुंबपत्रिका मागितली. वर पहिल्या ओळीत काय लिहिलंय? कुटुंबप्रमुख: मास्रिल. म्हणजे मी! एकतीस वर्षं या घरात मी जेवायला कुठे बसायचं तेही ठरवलेलं नाही, आणि कागदावर बघा.

"पाक मास्रिल यांचं ओळखपत्रही लागेल," फाज्री म्हणाला. (मला 'पाक', नेलीला 'बू', काका-काकू म्हणावं तसं.) "नवरा-बायको दोघांची नावं तपासावी लागतात."

माझ्या पाचावर धारण बसली. मी म्हटलं, ओळखपत्र घरी राहिलं.

"खिशात आहे तुमच्या," नेली म्हणाली. "डाव्या."

बसमध्ये परतताना तिने विचारलं (नवऱ्याला आमच्याकडे 'उदा' म्हणतात), "उदा, काही राहिलंय का?"

"कागद सगळे दिले की."

"बरं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. दमली असावी.

२० फेब्रुवारी, मंगळवार

गाडीच्या हप्त्यांचा वसुलीवाला आला! दहाच्या सुमाराला, काळं जाकीट, हातात चामडी पिशवी. मी लांबूनच ओळखला आणि मागच्या न्हाणीघरात शिरलो. चाळीस मिनिटं बादलीवर बसलो होतो. बाहेर भांड्यांचा आवाज, नेलीचं बोलणं, मग त्याचं हसणं. हसणं?

बाहेर आलो तर तो गेलेला. नेली शांतपणे मिरच्या वाटत होती.

"कोण होतं?"

"गिऱ्हाईक. फणसाचा रस्सा फार आवडला त्याला. दोनदा भात घेतला."

म्हणजे पठ्ठ्या निव्वळ जेवून गेला! माझं नावही काढलं नाही. माणसाची भूक किती कामी येते, हे आज कळलं. तिच्या हाताला काय चव आहे ते मी रोज खातो म्हणून विसरतो.

८ मार्च, शुक्रवार

नेली आज पुन्हा शहरात, पायाकुंबुहला गेली, मोठ्या पातेल्यांचे भाव बघायला. ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या सुरुवातीला जाते. सहा महिने भाव बघते आहे, पातेलं एकही आणलेलं नाही. मी म्हटलं, "अगं, एवढ्यात कारखान्यात जाऊन ओतवून घेतलं असतंस."

"घाई कशाला," ती म्हणाली. "आज जवळपास ठरलं."

चेहरा मात्र उजळलेला होता तिचा. बायकांना भांड्यांचं काय वेड असतं!

२७ मार्च, बुधवार

रोजे चालू आहेत. ओसरीवर दिवसा काही नाही, पण चारनंतर केळ्याच्या गोड रश्श्यासाठी फाटकापर्यंत रांग लागते. नेली तोंडात पाण्याचा थेंब नसताना मीठ बरोबर घालते, चाखून न बघता. तिला विचारलं तर म्हणते, "वाफ नाकाला सांगते." मी सव्वीस वर्षं तिकिटं फाडली, पण डोळे मिटून एकही फाडता आलं नसतं.

वसुलीवाला आला होता. या वेळी मला पळायला वेळ मिळाला नाही. त्याने मला वाकून 'पाक' म्हणून नमस्कार केला, नेलीच्या हातात एक पाकीट दिलं, रोजा सोडायला म्हणून रश्श्याचे चार डबे घेतले, त्यांचे पैसे दिले आणि गेला.

"कसलं पाकीट?"

"पातेल्याची पावती."

हा माणूस पातेलीही विकतो वाटतं. हप्त्यांचा धंदा हल्ली मंदच असेल.

१२ एप्रिल, शुक्रवार

ईद होऊन दोन दिवस झाले. देफ्री बातामहून आला आहे. मी मनाशी पक्कं ठरवून बहिणीकडे, रोस्निदाकडे, गेलो: आज विषय काढायचाच.

देफ्रीने वाकून माझा हात स्वतःच्या कपाळाला लावला. अंगावर नवा सदरा. गाडी? "विकली मामा, कधीच. तिकडे ओल्या हवेत गंजते." रोस्निदाने माझ्यासमोर नऊ पदार्थ मांडले. शेजारपाजारचे जमले होते. देफ्रीने सगळ्यांदेखत मला ईदीचं पाकीट दिलं आणि बहिणीचे डोळे भरून आले. "भाचा मामाला देतोय. बघितलंत का?"

आता सांगा, अशात 'नऊ हप्ते' हे शब्द कुठल्या तोंडाने काढायचे? मी उलट माझं नवं रेशमी काठाचं लुंगीवस्त्र त्याला देऊन आलो. पाकिटात एका जेवणापुरते पैसे होते.

घरी नेलीने विचारलं, "लुंगी कुठे गेली?"

"देफ्रीला दिली."

"चांगलं केलंत," ती म्हणाली. थोडं थांबून, "अजून काही बोललात?"

"ईदच्या दिवसांत काय बोलणार?"

ती उठून कोळसे सारखे करायला गेली. कोळसे सारखेच होते.

२३ एप्रिल, मंगळवार

फाज्री आज पाहणीला आला. सविस्तर लिहितो, कारण आज मी माझ्या बायकोला कामावर असलेलं पहिल्यांदा नीट पाहिलं.

त्याने फोनवर ओसरीचे, चुलीचे, रांगेचे फोटो काढले. मग विचारलं, "बू, रोजचे किती पुडे जातात? वही असेल ना?"

वही नाही. नेलीने हातातला कालथा खाली ठेवला.

"एक किलो लाल मिरचीत माझे चाळीस पुडे होतात. ना एक जास्त, ना एक कमी. मिरचीवाल्याकडे माझं नाव लिहिलेलं आहे, तो मला रोज काय देतो ते त्याला विचारा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मिरचीवर ठेवा."

"आणि मिरची महागली तर? गेल्या वर्षी तिप्पट झाली होती."

"साहेब, इथली माणसं एक वेळ सदरा घेणार नाहीत, पण मिरची कमी चालणार नाही. महागली तेव्हा मी पुड्याची किंमत वाढवली आणि वर काकडीची एक फोड जास्त घातली. एक गिऱ्हाईक तुटलं. तेही आठ दिवसांनी परत आलं, बायकोच्या हातचं खाऊन."

फाज्री हसला. तिथल्या तिथे मिरचीवाल्याला फोन लावला त्याने. आकडे जुळले. मी तर तिच्याकडे बघतच राहिलो. या बाईला बसकंपनी चालवायला दिली असती तर ती बंद पडली नसती.

मग खरी गंमत झाली. नेलीने चटई टाकली आणि बशा मांडायला लागली. नारळाच्या दुधात आटवलेलं मांस म्हणजे रेंदांग, फणस, वाळवलेलं मांस, तळलेले बारीक मासे, कसाव्याचा पाला, हिरवी मिरची, अशा अकरा बशा. फाज्री गडबडून उठला.

"बू, नको, नको. अर्जदाराकडचं काही घ्यायला बंदी आहे आम्हाला. पाणीसुद्धा नाही."

दारी आलेला माणूस उपाशी पाठवायचा? तिच्या आईने हे ऐकलं असतं तर कबरीत कूस बदलली असती. पण नेली शांत.

"घ्या कोण म्हणतंय? ही खानावळ आहे. समोर मांडलेलं सगळं तुमचं नसतं. हात लावाल तेवढ्याचेच पैसे पडतील. आणि मी खानावळ चालवू शकते की नाही हे बघायला आलात ना? मग बघा."

फाज्रीने चार बशांना हात लावला. जेवून झाल्यावर तिने एका नजरेत बशा बघितल्या, तोंडी बेरीज केली, पैसे घेतले, सुटे परत दिले. जराही संकोच नाही. त्या पोराने ढेकर दिला तोही सरकारी नियमात बसवून.

जाता जाता त्याने मला विचारलं, "पाक, फॉर्ममधे एक प्रश्न आहे. तुमच्या नावावर दुसरीकडे कुठे थकबाकी?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग नेलीकडे पाहिलं. नेली बशा उचलत होती. "साहेब," ती म्हणाली, "ती ओळ तूर्त कोरी ठेवता येईल का? सहीच्या दिवशी भरू."

"येईल बू," फाज्री म्हणाला.

का कोरी ठेवायची ते मला समजलं नाही. पण एक खोटं कागदावर जायचं वाचलं, म्हणून बरं वाटलं.

१० मे, शुक्रवार

बँकेचा फोन. मंगळवारी सहीला या, दोघांनी. नेलीने फोन ठेवला आणि पाच मिनिटं नुसतीच उभी राहिली, हात पिठात. मग मला म्हणाली, "मोबाईलवाल्याला कळवा, दुसरी जागा बघ म्हणावं." मी तिला इतकी आनंदात विराच्या जन्मानंतर पाहिलेलं नाही.

मी मात्र ताटातला भात तसाच ठेवून उठलो.

१३ मे, सोमवार

कॉफीच्या टपरीवरच्या सोबत्याला, एदिसनला, विचारलं. डॉमिनो खेळता खेळता, माझं नाही, 'एका मित्राचं' म्हणून. एदिसनला जगातलं सगळं कळतं, फक्त डॉमिनो कळत नाही.

"खरी तपासणी सहीच्या वेळी असते," तो म्हणाला. "कॉम्प्युटरमधे नाव टाकतात शेवटी. आणि तुझा मित्र तिथे खोटं लिहून सुटला, तरी पुढे कळलं की बँक सगळी रक्कम एकदम मागते. कोणाकडून? जिच्या नावावर कर्ज तिच्याकडून."

"मित्राच्या बायकोकडून?"

"मग काय माझ्याकडून? मांजर डोळे मिटून दूध पितं आणि म्हणतं कुणी बघत नाही. सांग तुझ्या मित्राला."

टपरीवरचे सगळे माझ्याकडे बघत होते. बहुतेक माझा डाव बघत असावेत.

दोन वाटा आहेत. गप्प बसलो, तर कदाचित कर्ज मिळेल आणि कधीतरी तिच्या डोक्यावर कोसळेल. बोललो, तर उद्याच्या उद्या सगळं संपेल, जागा मोबाईलवाल्याची. आणि ती मला काय म्हणेल ते सोडाच. आमच्याकडे बायकोला नवरा नकोसा झाला की ती त्याची पिशवी ओसरीवर आणून ठेवते, भांडत बसत नाही. माझी पिशवी कुठे आहे तेही मला आठवत नाही, इतकी वर्षं झाली.

१४ मे, मंगळवार

फाज्रीने सगळे कागद पुढे ठेवले. नेलीने नवा निळा स्कार्फ बांधला होता. शेवटच्या पानावर तीच कोरी ओळ: 'पती/पत्नीच्या नावावरील थकबाकी'. त्या ओळीखाली दोन सह्यांची जागा. आधी माझी, खाली तिची. मी जे लिहीन त्याच्याखाली ती सही करणार. बाई मिरचीचाही हिशोब खोटा देत नाही, आणि तिचं नाव माझ्या खोट्याखाली यायचं.

पेन हातात घेतलं आणि ठेवलं.

"साहेब," मी म्हटलं, "आहे. एका मोटारसायकलीचे नऊ हप्ते थकलेत. गाडी भाच्याला घेऊन दिली होती. हिला माहीत नाही. हिचा यात काडीचा दोष नाही. काही कापायचं तर माझं नाव कापा. नाहीतरी आमच्याकडे नवऱ्याला कोण मोजतं."

आवाज शेवटी फाटला. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या खिडकीतली बाई नोटा मोजायची थांबली.

फाज्रीने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. माझं नाव, गाडीचा नंबर, आणि पुढे: खातं बंद, पूर्ण फेड, मार्च.

"हे मी फेब्रुवारीतच पाहिलं होतं पाक. तेव्हा आधीचे आठ भरून झाले होते, एक हप्ता आणि दंड बाकी होता. बूंनी तोही फेडला आणि दाखला आणून दिला. त्याशिवाय अर्ज पुढे गेलाच नसता."

मी नेलीकडे बघितलं. ती स्कार्फची गाठ सारखी करत होती.

"तुला कधीपासून..."

"सप्टेंबरपासून. तो वसुलीवाला आला तेव्हा तुम्ही मशिदीत होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"मी काय बोलणार? गाडी मी घेतली होती का?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "भाच्यासाठी केलंत, त्याचा राग नाही उदा. ते न करणारा माणूस मला आवडला नसता. पण माझ्या ओसरीवर बसून, माझ्या हातचं खाऊन, न्हाणीघरात लपायचं? चाळीस मिनिटं? मला वाटलं होतं तुम्ही महिनाभरात सांगाल. मग वाटलं रोज्यांत सांगाल. काल तर वाटलं, नाहीच सांगत हा माणूस. आज तुम्ही ती ओळ कशी भरता ते बघून मी खाली सही करायची की नाही, ते ठरवणार होते."

"नसतं सांगितलं तर?"

"तर साहेबांचा वेळ वाया गेला असता."

पाच कोटी, ती जागा, काचेचं कपाट, सगळं सोडून ती उठून गेली असती. मी तिला ओळखतो. म्हणजे आज ओळखलं.

फाज्री खोकला. मी त्या ओळीत 'नाही' असं लिहिलं. या वेळी ते खरं होतं. खाली तिने सही केली, सावकाश, अक्षर अक्षर.

बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. लोक बघत होते. बघू देत.

१९ मे, रविवार

रोस्निदाकडे गेलो, उभ्या उभ्याच सांगितलं: गाडीचे पैसे नेलीने भरले, देफ्रीने ते तिला परत करायचे, महिन्याला जमेल तसे. मला वाटलं बहीण रडेल, नाहीतर हाकलून देईल.

"मास्रिल, तू मागितलेस कधी?" ती म्हणाली. "त्याला वाटलं मामाने माफ केले."

तिनेच त्याला फोन लावला आणि जे काही बोलली ते या वहीत लिहिण्यासारखं नाही. पहिला हप्ता संध्याकाळीच आला. दीड वर्षं मी ज्या पहाडाला घाबरलो तो एका फोनाएवढा होता.

२ जून, रविवार

कालपासून तिकीट खिडकी उघडली. जिथून मी तिकिटं द्यायचो तिथून आता नेली रश्श्याची पातेली बाहेर सरकवते. पातेली शेवटी खरोखरच घेतली, चार. पेकनबारूची गाडी थांबली आणि ड्रायव्हर, जो मला वीस वर्षं नावाने हाक मारायचा, तो सरळ नेलीकडे गेला. "उनी, मास्रिल अजून तुमच्याकडेच आहे का?" म्हणाला. ती म्हणाली, "चाचणीवर आहे."

संध्याकाळी आवराआवर झाल्यावर तिने सगळ्यांना चटईवर बसवलं. खानावळीत पगार नसतो, वाटे असतात. नफा उरला की ज्याचे जेवढे वाटे तेवढं त्याचं. मोठ्या शहरातल्या मोठ्या खानावळींतही हेच चालतं, मग आपण का बदलायचं, असं तिचं म्हणणं. वाटे ठरले. तिचे सहा, चुलीशी ती असते म्हणून. तिच्या धाकट्या बहिणीचे चार, ती भात आणि नारळाचं बघते. नेत उनीचे तीन. नेत उनी म्हणजे शेजारची विधवा, भांडी घासायला परवाच लागली.

"मास्रिल, अडीच," नेली म्हणाली. "गिऱ्हाइकांना बसवायचं, बशा नेऊन मांडायच्या, पैसे घ्यायचे."

लग्न होऊन मी या घरात आलो तेव्हापासून या घराचा मला कधी वाटा नव्हता. अर्धाही नाही. मी पाहुणा. छातीत काहीतरी भरून आलं, पण माणसाचा स्वभाव बघा, तोंडातून निघालं ते हे:

"नेत उनीपेक्षा कमी? ती परवा आली!"

"ती पहिल्याच दिवशी मला म्हणाली, माझ्या हातून आठवड्याला एक बशी फुटते, आत्ताच सांगून ठेवते," नेली म्हणाली. "तुम्हाला सांगायला आठ महिने लागले."

बहीण हसली, नेत उनी हसली, मीही हसलो. मग नेलीने वाट्यांचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि मी अडीचसमोर सही केली. आता खरं सांगायची सवय लावायचीच, तर अर्धा वाटा तिने जास्तच दिलाय.